नदीचे देणे

गावात एखादे नवे घर बांधावयास निघाले की, प्रथम त्याच्या दारात वाळूचा ढीग येऊन पडतो. मुले त्यावर किल्ले रचतात, गवंडी ती वाळू चाळून सिमेंटात कालवितो आणि चार महिन्यांत तो ढीग भिंतींत नाहीसा होतो. ही वाळू कोठून आली आणि जेथून आली तेथे मागे काय उरले, हा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही.

वाळू ही नदीची शेकडो वर्षांची कमाई होय. डोंगरातील खडक ऊन, वारा व पाऊस यांनी झिजतात. पुराचे पाणी त्यांचे तुकडे वाहून आणते, एकमेकांवर घासते आणि संथ वळणावर गोटे व वाळू यांच्या रूपाने त्यांची साठवण करते. हा थर निरुपयोगी नव्हे. तो पाणी गाळतो, धरून ठेवतो आणि काठावरच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरवितो. आमच्या लहानपणी नदी आटली म्हणजे बायका वाळूत हातभर खोल झिरा उकरीत आणि वाटीवाटीने निवळ पाणी घागरीत भरीत. त्याच वाळूत कलिंगडांच्या वाड्या पिकत.

पुढे शहरे वाढली, रस्ते व पूल झाले आणि वाळूची मागणी वाढली. फावड्याच्या जागी यंत्रे पात्रात उतरली. नदी एका पावसाळ्यात जेवढी वाळू आणते, त्याहून अधिक उपसली तर पात्र खोल जाते. त्याबरोबर विहिरींचे पाणीही खाली उतरते, काठ ढासळतात आणि पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. एका आषाढात नदीला नवे पाणी आले. नेहमीच्या उतारावर आमचा सातवीतील एक विद्यार्थी पोहावयास उतरला. तेथे पाणी कमरेइतकेच असते, हे त्याला ठाऊक होते. परंतु त्या उन्हाळ्यात वाळूसाठी तेथे दोन पुरुष खोल खड्डा झाला होता, हे त्याला ठाऊक नव्हते. वरून पाणी सपाट व शांत दिसत होते. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना वर्गशिक्षकांनी सवयीने त्याचे नाव उच्चारले आणि ते तेथेच थांबले. तो खड्डा कोणी खणला, किती खोल खणण्याची परवानगी होती आणि तो कोणी मोजला, याचे उत्तर गावात कोणापाशीच नव्हते.

असे प्रश्न अनुत्तरित राहू नयेत, म्हणूनच कायदा असतो. आपल्या देशात १९५७ च्या खाणी व खनिजे यांविषयीच्या कायद्याने बांधकामाचा दगड, गोटे, साधी चिकणमाती व साधी वाळू यांना ‘गौण खनिजे’ म्हटले आणि त्यांच्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. खनिज गौण असले, तरी त्याच्या उपशाने होणारी हानी गौण नसते. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. कारण लहान लहान तुकडे एकापुढे एक जोडले गेले म्हणजे नुकसान मोठेच होते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत असे सांगितले आहे की, पात्रातील उपसा तीन मीटरांहून खोल नसावा. काठापासून पात्राच्या रुंदीचा चौथा भाग, निदान साडेसात मीटर तरी, सोडून द्यावा. आणि पावसाळ्यात उपसा बंद ठेवावा. २०२० च्या सूचनांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पात्राची मोजणी करण्यावर भर दिला. नदीने किती आणले हे कळल्यावाचून आपण किती घ्यावे, हे कसे ठरणार?

परंतु नियम कागदावर असतो आणि खड्डा पात्रात असतो. त्या दोहोंमधील अंतर देखरेखीने भरून निघते. मोजपट्टी घेऊन पात्रात उतरणारा अधिकारी, गाडीचा वाहतूक परवाना तपासणारा शिपाई आणि आपल्या नदीवर लक्ष ठेवणारे गावकरी, ही त्या कायद्याची हातापायांची बळे होत. वाळू काढूच नये, असे कोणी म्हणणार नाही. घरे बांधावयाची आहेत आणि उपशावर कित्येकांची चूल पेटते. प्रश्न आहे तो मापाचा.

वाळू व गोटे केवळ वाहत्या पात्रातच मिळतात असे नाही. नदीने पुरातन काळी टाकलेल्या गाळाच्या जमिनीतूनही ते काढतात. पात्रातील खड्डा मर्यादित असला तर पुढचे पूर तो भरून काढतात. जमिनीतील खड्डा मात्र कोणताही पूर भरीत नाही. तेथे नदीचे काम माणसालाच करावे लागते. खणण्यापूर्वी वरची सुपीक माती निराळी काढून ठेवावयाची, काम संपताच उभे कडे तासून उतरते करावयाचे, ती माती पुन्हा पसरावयाची आणि तीवर गवत व झाडे वाढवावयाची, असा हा क्रम असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे खाणचालकाला जमीन पूर्ववत उपयोगी करण्याची योजना मंजूर करून घ्यावी लागते. ते काम त्याने न केल्यास खर्च भागावा म्हणून आर्थिक हमीही द्यावी लागते, आणि दरवर्षी खाणीची तपासणी होते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने अशा जमिनीची पुढे काही वर्षे निगा राखण्याची अट घालता येऊ लागली. केवळ माती लोटून देणे म्हणजे जमीन परत करणे नव्हे, हे त्यामागील तत्त्व होय.

याचे फळ काय मिळू शकते, ते इंग्लंडमधील ॲटनबरो या गावी दिसते. नॉटिंगहॅम शहराजवळ ट्रेंट नदीच्या काठी १९२९ पासून वाळू व गोटे काढण्यात येत. खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली. तेथे १९६६ साली निसर्ग राखीव क्षेत्र स्थापन झाले. निसर्गाचे प्रसिद्ध अभ्यासक डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जेथे एके काळी यंत्रे घरघरत होती, तेथे आज बोरू-लव्हाळ्यांत बदके पोहतात, खंड्या सूर मारतो आणि शाळांची मुले पक्षी पाहावयास येतात.

आपल्याकडेही ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, खाणकाम संपल्यावर खाणपट्टाधारकाने तेथे पुन्हा गवत लावावे आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करावी. आदेश झाला, त्याचे कुरण होणे आपल्या दक्षतेवर अवलंबून आहे.

‘देणे’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : देणगी आणि कर्ज. वाळू ही नदीची देणगी आहे, हे आपण लवकर शिकलो. ती कर्जही आहे, हे शिकावयाचे अजून राहिले आहे.

स्वाध्याय

१. नदीच्या पात्रातील वाळूचे उपयोग सांगा.
२. पात्रातील खड्डा आणि जमिनीतील खड्डा यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
३. ‘नियम कागदावर असतो आणि खड्डा पात्रात असतो’, या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. पाठाच्या शीर्षकातील ‘देणे’ या शब्दाचे दोन्ही अर्थ वाक्यांत योजून दाखवा.
५. आपल्या गावाजवळील नदी अथवा ओढा पूर्वी कसा होता, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.