देवाची पिशवी आणि घरची पिशवी

गेल्या मार्गशीर्षात आम्ही घरची पाच माणसे मोटारीने इंदूरहून ओंकारेश्वर व महेश्वर येथे जाऊन आलो. निघताना तीर्थरूप अण्णांनी दोन पिशव्या केल्या होत्या. एक घरखर्चाची, दुसरी, शेजाऱ्यांनी ओंकारेश्वराच्या अभिषेकासाठी विश्वासाने दिलेल्या पैशांची.

बडवाहच्या अलीकडे मोटारीचे चाक फुटले. दुरुस्ती करणाऱ्यास रोख पैसे हवे होते व घरच्या पिशवीत तेवढे नव्हते. मी म्हणालो, "दुसऱ्या पिशवीतून घेऊ, संध्याकाळी भरून टाकू." अण्णा एवढेच म्हणाले, "ते आपले नाहीत." अखेर एका गृहस्थाच्या मोटारसायकलवरून गावात जाऊन मी रोख रक्कम काढून आणली. दीड तास मोडला. आई उन्हात बसून राहिली. मला अण्णांचा राग आला होता, हे लपवीत नाही.

ओंकारेश्वराचे स्थान नर्मदेतील मांधाता बेटावर आहे. दक्षिण तीरावर ममलेश्वराचे देवालय असून तेथे इ. स. १०६३ च्या शिलालेखात शिवमहिम्न स्तोत्र कोरलेले आहे. दोन्ही ठिकाणी दर्शन झाले, ज्याच्या त्याच्या नावाने संकल्प झाला, आणि दुसरी पिशवी रिकामी झाली.

पुढे महेश्वरी आलो. देवी अहिल्याबाईंचा राजवाडा पाहण्यास मुले उत्सुक होती, पण आत जाताच धाकटी पुतणी म्हणाली, "काका, हा तर वाडाच आहे!" खरेच, लाकडी खांबांची ओसरी, साधी गादी आणि देवघर. इ. स. १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहणारी बाई अशी राहत होती. याच बाईने काशीविश्वेश्वराचे मंदिर इ. स. १७८० मध्ये पुन्हा उभारले, सोमनाथास नवे देवालय बांधले आणि ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा करविल्या.

हे द्रव्य आले कोठून? होळकरांच्या घरी 'खासगी' व 'दौलत' असे दोन निराळे हिशेब असत. खासगी म्हणजे राजघराण्यातील स्त्रीच्या स्वाधीन असलेले उत्पन्न. दौलत म्हणजे राज्याचा खजिना. अहिल्याबाईंनी आपला दानधर्म खासगीतून केला. प्रजेच्या करावर त्याचा भार घातला नाही.

ओसरीवर उभ्या उभ्या मला बडवाहचा रस्ता आठवला. एक पैसाही बुडवण्याचा माझा विचार नव्हता. परंतु 'संध्याकाळी भरू' या शब्दांनीच दोन हिशेब एक होऊ लागतात. घाटावर उतरताना मी अण्णांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "आईला विचार, उन्हात ती बसली होती."

वाचकहो, तीर्थयात्रेस निघताना, उत्सवाची वर्गणी जमविताना, किंवा शेजाऱ्याचा नारळ देवापर्यंत नेताना पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात. आणि मुलांना महेश्वर दाखवावयास न्याल तेव्हा त्या साध्या ओसरीवर त्यांना थोडा वेळ बसवावे.