भरताचे हरिण आणि शेतातला ससा

गेल्या माघात भीमाकाठच्या एका गावी सप्ताहाच्या निमित्ताने कीर्तनसेवेचा योग आला. दुपारी यजमानांच्या ओसरीवर पोथी घेऊन बसलो होतो. तोच त्यांची नऊ-दहा वर्षांची नात पुठ्ठ्याचे एक खोके छातीशी धरून आली. खोक्यात जुन्या लुगड्याच्या चिंधीवर सशाचे पिल्लू होते. मुठीत मावेल एवढे, कान पाठीला चिकटवून, अंग चोरून बसलेले. डोळे मात्र टक्क उघडे. आदल्या सांजेला ऊस तोडताना टोळीला ते सरीत सापडले आणि टोळीतल्या एका पोराने या मुलीच्या हाती दिले.

मागोमाग तिची आजी आली. म्हणाली, "महाराज, रातभर ही पोरगी निजली नाही. दूध पाजाया बघती, ते तोंड उघडत नाही. सोडावं तर कुत्री फाडतील, ठेवावं तर रानचं जित्राब. तुम्ही शास्त्र वाचलंय. ठेवावं का सोडावं, तुम्हीच सांगा."

वारकरी बंधुभगिनींनो, प्रश्न ओंजळभर जिवाचा आहे, म्हणून तो लहान समजू नये. 'ठेवू की सोडू' या एका प्रश्नावर भागवतात एका सम्राटाचे तीन जन्म खर्ची पडले आहेत. ती कथा पुढे सांगतोच. पण त्या ओसरीवर मला भरतराजाच्या आधी माझीच गोष्ट आठवली, ती अगोदर सांगितली पाहिजे.

पन्नासहून अधिक वर्षे झाली. घर सोडून पाठशाळेत लघुकौमुदी घोकत होतो. मागच्या गायरानात गवताच्या बुंध्याशी असेच एक पिल्लू दिसले. आजूबाजूला पाहिले, आई नाही. पोरके आहे असे ठरवले आणि उचलले. खरे सांगायचे तर त्या दिवसांत पोरके वाटत होते ते मला. पत्र्याच्या ट्रंकेत त्याला ठेवले, कापसाची वात दुधात बुडवून पाजू लागलो. तिसऱ्या दिवशी त्याला ढाळ लागली. चौथ्या पहाटे ट्रंक उघडली तर ते ताठ झालेले.

गुरुजी रागावले नाहीत. एवढेच विचारले, "याची आई शोधलीस काय?"

मी म्हणालो, "शोधली गुरुजी, तिथे नव्हती."

"तू तिथे उभा असताना ती कशी येणार?"

मग धातुपाठातला धातू विचारला: 'शश प्लुतगतौ'. शश् म्हणजे उड्या मारीत जाणे; त्यावरूनच शश, म्हणजे ससा. गुरुजी म्हणाले, "ज्याचे नावच उडी, त्याला तू पेटीत ठेवलेस." त्याच दुपारी त्यांनी पंचम स्कंध उघडला.

भरताची कथा

ऋषभदेवांचा पुत्र भरत. राज्य मुलांना वाटून देऊन तो गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात जाऊन राहिला. राणी सुटली, राज्य सुटले, भगवंताच्या पूजेत डोळ्यांना अश्रुधारा लागत. एके दिवशी तो नदीकाठी जप करीत असता एक गाभण हरिणी पाणी पिण्यास आली. इतक्यात सिंहाची गर्जना झाली. भेदरून हरिणीने नदीवरून उडी घेतली, त्या धक्क्याने गर्भ प्रवाहात पडला आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने ते वाहते पाडस उचलून आश्रमात आणले.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. पुढे काय झाले ते बारकाईने पाहावे. प्रथम त्याला गवत घालणे, लांडग्यापासून राखणे. मग त्याला खाजवणे, कुरवाळणे. मग समिधा-दर्भ आणायला जाताना त्याला खांद्यावर घेणे. पूजा चालू असता मध्येच उठून ते कोठे आहे ते पाहणे. असे करता करता यम, नियम, पूजा एकेक करून गळून पडले. ज्याने राज्य टाकले, त्याला पाडस टाकवेना. अंतकाळी ध्यान हरिणाचे, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा.

येथे शंका अशी येते की, मग भरताने ते पाडस नदीत वाहून जाऊ द्यायचे होते काय? समाधान असे की, मुळीच नाही. उचलणे हा धर्मच होता. तो जीव बुडत होता, आई डोळ्यांदेखत गेली होती आणि दुसरे कोणी जवळ नव्हते. दोष उचलण्यात नाही. पाडस चरू लागले, धावू लागले, रानात हरिणांचे कळप होते, तरीही भरत त्याला धरून राहिला, तेथे दोष आला.

आणि भरत आपल्या मनाला काय सांगत होता? हे माझ्याखेरीज कोणाला ओळखत नाही, हे मला शरण आले आहे, शरणागताची उपेक्षा करणे साधूंना शोभत नाही! पाहा, शब्द सगळे धर्माचे आहेत. मोह कधी 'मी मोह आहे' असे सांगत येत नाही, तो धर्माची भाषा बोलत येतो. 'सोडलं तर कुत्री खातील' हे कधी खरे असते, कधी 'मला सोडवत नाही' याचेच दुसरे नाव असते. कोणते कोणते, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

पुढची गोष्ट कीर्तनात बहुधा राहून जाते. हरिण झालेल्या भरताला पूर्वजन्माची स्मृती होती. त्याने आपल्या हरिणी आईला सोडले आणि कालंजर पर्वतावरून तो परत पुलहाश्रमात आला. तेथे कोणाच्या संगतीत न गुंतता वाळलेला पाला खाऊन त्याने ते शरीर संपविले. त्यानंतर ब्राह्मणजन्म आला, तोच जडभरत. म्हणजे सोडण्याचा धडा राजाला साधला नाही, तो त्याला हरिण होऊन गिरवावा लागला.

दया कोठे संपते, ममता कोठे सुरू होते

ममता हा शब्द 'मम' पासून झाला. 'मम' म्हणजे माझा, ही षष्ठी. 'माझा ससा' म्हटले की विचार माझ्यापाशी येऊन थांबतो. 'सशासाठी' म्हटले की चतुर्थी झाली. विचार त्याच्यापाशी जातो. 'ठेवू की सोडू' असा पेच पडला की पहिल्याने आपल्या मनातील विभक्ती पाहावी.

संतांच्या कथांतही हेच दिसते. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथमहाराजांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला गंगा पाजली. गाढव उठून उभे राहिले. नाथांनी त्याला दावे लावून पैठणला नेले असे कोणी सांगत नाही. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. त्याला परत आणून दाराशी बांधले नाही. जेवढी गरज तेवढे देणे आणि मग बाजूला होणे, हे भूतदयेचे रूप आहे.

व्यवहारात काय करावे

आता प्रत्यक्षाकडे येऊ, कारण पिल्लू खोक्यात आहे.

पहिली गोष्ट, एकटे दिसले म्हणजे पोरके नव्हे. आपल्याकडचा रानससा बीळ करीत नाही. गवतात किंवा पिकात खळगा करून तेथे राहतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई दिवसभर त्यांच्याजवळ बसत नाही, कारण तिच्या वासाने आणि वावराने कोल्ह्या-कुत्र्यांना पिलांचा माग लागेल. ती अंधार पडल्यावर येते, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. पिल्लू निश्चल बसते ते याच कारणाने. आपल्याला वाटते, बिचारे टाकले आहे. वास्तविक ते आईने शिकवल्याप्रमाणे वागत असते. माझ्या हातून नेमकी येथेच चूक झाली. भरत चुकला सोडण्यात, मी चुकलो उचलण्यातच.

म्हणून पिल्लू धडधाकट असेल तर उचलूच नये. ऊसतोडीत किंवा काढणीत त्याची जागाच उघडी पडली, तर लगतच्या बांधावर, गवताच्या सावलीत ठेवावे, कुत्री आवरून धरावीत आणि माणसांनी दूर जावे. घरी आणले असेल तर त्याच दिवशी, सांजेच्या सुमारास, सापडले तेथेच नेऊन ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत बहुधा खरी ठरत नाही. त्या भयाने परत ठेवण्याचे टाळू नये.

दुसरी गोष्ट, कधी उचलावे. जखम असेल, पाय ओढत असेल, कुत्र्या-मांजराने तोंडात धरलेले असेल, अंगाला मुंग्या-माशा लागल्या असतील, अंग गार पडून मान टाकली असेल, किंवा आई शेजारी मरून पडलेली असेल, तर उचलणे हाच धर्म. मात्र ते आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे असे समजावे. भोके पाडलेल्या खोक्यात सुती फडके घालून अंधाऱ्या, निवांत जागी ठेवावे. पोरांची गर्दी करू नये; भीतीनेच या जातीचा जीव जातो. गाईचे दूध पाजू नये. ते त्याला पचत नाही, आणि बळेने तोंडात ओतले तर फुफ्फुसात जाऊन घात होतो. लगेच वनरक्षकाला कळवावे, किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पकडणेही धरले आहे. रानचा ससा पकडणे किंवा परवानगीवाचून घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग हेतू प्रेमाचा का असेना. पिंजऱ्यातल्या पोपटालाही हाच न्याय.

चौथी गोष्ट, सोडणे म्हणजे नुसते दार उघडणे नव्हे. बाजारातला पांढरा पाळीव ससा हा परदेशी जातीचा, पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ वाढलेला. तो रानात सोडला तर त्याला लपणेही येत नाही. त्याला सांभाळणे हेच कर्तव्य. तसेच रानचे पिल्लू महिनोन्‌महिने हातावर वाढले असेल आणि त्याची भीती मोडली असेल, तर आपल्या मनाने रानात नेऊन टाकू नये; ते वनविभागाच्या जाणकारांच्या स्वाधीन करावे. आणि वारीत चालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. एका तळावर सापडलेले पिल्लू झोळीत घालून पुढच्या मुक्कामी नेऊ नये. आपण पंढरीला निघालो आहोत, त्याची पंढरी त्या बांधावरच आहे.

त्या सांजेला

मुलीला मी हे एवढे सांगितले नाही. भरताची गोष्ट सांगितली आणि विचारले, "बाळ, याला तुझ्याजवळ राहायचंय, की तुला याच्याजवळ?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग खोके आजीच्या हाती देत म्हणाली, "मला."

पिलाला जखम नव्हती, मागचे पाय जोरदार होते. दिवे लागायच्या आधी आम्ही तिघे निघालो. फडाची एक बाजू तोडलेली, दुसऱ्या बाजूस ऊस उभा होता. सापडले त्या सरीलगतच्या बांधावर हरळीत तिने ते ठेवले. ते हलले नाही. "चला आता," म्हणून मी वळलो. पोरगी रडत होती, पण तिने मागे वळून पाहिले नाही. खरे सांगतो, मीच दोनदा पाहिले.

सकाळी काकड्यानंतर यजमान बांधावर जाऊन आले. जागा रिकामी होती. रक्त नाही, केस नाहीत. आईने नेले की आपणच उसात शिरले, कोणास ठाऊक. मुलगी मला विचारू लागली, "महाराज, ते वाचलं असेल का?"

खोटे बोलण्याचा मोह झाला. पण पोरांना खोटा दिलासा देऊ नये. म्हणालो, "ठाऊक नाही, बाळ. खोक्यात ते वाचलं नसतं, एवढं मला ठाऊक आहे. माझं नाही वाचलं. आपण त्याला त्याच्या आईच्या वाटेवर ठेवलं. पुढची राखण पांडुरंगाची."

तात्पर्य, जीव संकटात असेल तर हात पुढे करावा, आणि संकट टळले की तोच हात उघडावा. देवाच्या दारी दोन्ही हात रिकामे करून टाळी वाजवायची असते. मुठीत काही धरून ठेवले, तर टाळी वाजत नाही.

रामकृष्णहरि.