संदिग्ध अहवाल : भीती नको, हयगयही नको

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यातच परततात. अशा वेळी एखाद्या भगिनीच्या हाती स्तनतपासणीचा अहवाल येतो. त्यात रोग आहे असे नसते आणि नाही असेही नसते; 'सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी' एवढेच असते. अशा अहवालाचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

अंक काय सांगतो?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. तिच्या अहवालात 'बायरॅड्स' या नावाने ० ते ६ यांपैकी एक अंक असतो. ० म्हणजे निर्दोष नव्हे. चित्र अपुरे असून सोनोग्राफी किंवा आणखी छायाचित्रे हवीत, असा त्याचा अर्थ. १ व २ मध्ये कर्करोगाची चिन्हे नसतात. ३ असल्यास दोष बहुधा साधा असतो. कर्करोगाची शक्यता शंभरात दोनहून अधिक नसते. म्हणून सहा महिन्यांनी फेरतपासणी सुचवितात. ४ मध्ये ही शक्यता शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत काहीही असू शकते. ५ मध्ये संशय प्रबळ असतो. या दोन्हींत सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, आवश्यक ठरते. ६ हा अंक निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी असतो. छायाचित्र संशय दाखविते. निदान बायोप्सीच करते.

भीतीची किंमत

निदानाआधी घाबरून घेतलेला निर्णय किती महाग पडतो, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. 'काढले नाही तर कर्करोग होईल' ही भीती त्यामागील एक कारण होती. स्तनाच्या बाबतीत ही चूक होऊ नये. तसेच गाठ दुखत नाही म्हणून स्वस्थ बसणेही धोक्याचे. कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही.

वेळीच तपासणीचे मोल मुंबईत सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले.

फडावर जाण्यापूर्वी

अंक ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी करूनच गाव सोडावे. अंक ३ असेल तर आपण कोठे व किती महिने राहणार, हे डॉक्टरांना सांगावे. फेरतपासणीची तारीख हंगामात येत असल्यास ती कारखान्याजवळच्या रुग्णालयात कशी होईल, हे विचारून घ्यावे. अहवालासोबत मूळ फिल्मही जवळ ठेवावी. तुलनेसाठी ती लागते. मध्यंतरी गाठ वाढली, कातडीस खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर तारखेची वाट पाहू नये.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि शेजारच्या बार्शीतील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय येथे पुढील सल्ला घेता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

प्रतीक्षेचे दिवस कठीण असतात. ते एकटीने काढू नयेत. पतीने, सासूने अथवा बहिणीने तपासणीस सोबत जावे आणि तारीख घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. उचल पुढील हंगामात फेडता येईल; चुकलेली तपासणी मात्र भरून काढता येईलच असे नाही.