मुळे वर का आली?

फाल्गुनात गोव्याला गेलात, तर एक दिवस रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडून चोडण बेटावर जा. बेटाच्या पश्चिम टोकाला सुमारे १.८ चौरस किलोमीटरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटीच्या वेळी तेथे तिवराच्या झाडांभोवती पेन्सिलीसारखी मुळे चिखलातून सरळ वर आलेली दिसतील. असे का? पाण्याने भरलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून ही श्वसनमुळे सूक्ष्म छिद्रांतून हवा घेऊन ती खालच्या मुळांना पुरवतात. आता विचार करा : या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी अडकून बसली, तर झाड श्वास कसा घेणार? म्हणून डबा खाऊन झाला, की रिकामी पिशवी आठवणीने परत आणा.