संगणकाचे नेटवर्क कार्ड आणि त्याचा दुभाषी

जव्हार-मोखाड्यात ‘रेंज नाही’ हे दोन शब्द सर्व प्रश्नांचे उत्तर मानले जातात. डोंगर, दऱ्या, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि जाणारी वीज पाहता ते उत्तर पुष्कळदा खरेही असते. परंतु शाळेच्या संगणक कक्षात काम करताना आम्हांला वारंवार असे आढळले आहे की बाहेर इंटरनेट व्यवस्थित असते, शेजारचा मोबाईल त्याच वाय-फायवर चालतो आणि संगणक मात्र मुका राहतो. अशा वेळी दोष संगणकाच्या आत असतो, आणि बहुतेक वेळा तो पैसे न खर्चता दूर होतो.

हा विषय स्मरणिकेत घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावीच्या परीक्षेचा अर्ज, ‘यूडायस’ची माहिती हे सारे आज ऑनलाइन आहे. शाळेतला संगणक बंद पडला की पालकाला एका दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे देऊन जव्हारचे सायबर कॅफे गाठावे लागते. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे शिष्यवृत्तीचे पैसे त्यावर अडतात. म्हणून दोष कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत नववीच्या विद्यार्थ्यालाही यावी, असा आमचा आग्रह आहे.

संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या भागाला नेटवर्क अडॅप्टर किंवा नेटवर्क कार्ड म्हणतात. त्याचे दोन प्रकार नित्याचे: एक वायरचा, ज्यात आठ तारांची लॅन केबल बसते, दुसरा वाय-फायचा, जो रेडिओलहरींनी बोलतो. वायरच्या जोडणीची ‘इथरनेट’ ही पद्धत १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ चे. आपल्या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २०११ मानावे लागेल. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या ज्या केंद्रीय योजनेला त्या वर्षी मंजुरी मिळाली, तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पण तार गावापर्यंत आली म्हणजे ती संगणकाच्या आत पोहोचली असे होत नाही. शेवटची वीतभर वाट या कार्डातूनच जाते.

प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो बारा चिन्हांचा असतो आणि पहिल्या सहा चिन्हांवरून कार्ड कोणत्या कंपनीने बनवले ते कळते. आयपी पत्ता वेगळा. तो ज्या जाळ्यात संगणक जोडला जाईल त्या जाळ्याकडून मिळतो. दिवाळीनंतर आपल्याकडील अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. जन्मनोंद तीच राहते, मुक्कामाचा पत्ता बदलतो. मॅक आणि आयपी यांतला भेद विद्यार्थ्यांना आम्ही असाच सांगतो, आणि तो त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

आता ड्रायव्हर. इतिहासाच्या अभ्यासकाला या जागी दुभाषी आठवतो. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी त्याच्या सोबत होता. वकील आणि दरबार दोघेही समर्थ. तरी मधला माणूस नसता तर तह झाला नसता. संगणकातही तेच. विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली एक भाषा बोलते, कार्ड दुसरी, आणि ड्रायव्हर नावाची छोटी आज्ञावली या दोघांत दुभाष्याचे काम करते. वारली, कोकणा, कातकरी घरांतून आलेल्या मुलांना पहिलीचे पाठ्यपुस्तक शिकवणाऱ्या शिक्षकाला हे काम किती नाजूक असते ते वेगळे सांगायला नको. कार्ड शाबूत असते, विंडोज शाबूत असते, पण दुभाषी नसला किंवा जुन्या आवृत्तीचा असला की दोघेही गप्प बसतात. आणि पाहणारा म्हणतो, ‘संगणक गेला’.

असा निकाल आमच्या एका संगणकालाही मिळाला होता. मुंबईहून देणगीत आलेला, विंडोज नव्याने घातलेला. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला. विद्यार्थ्यांनी स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले, तेव्हा ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या शीर्षकाखाली वाय-फायचे नाव नव्हते. मात्र खाली ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे लिहून पिवळा त्रिकोण होता. गुणधर्मांत संकेतांक २८ दिसला. त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर घातलेला नाही. कार्ड मेले असते तर ते बहुधा यादीत आलेच नसते.

येथे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि ड्रायव्हरशिवाय इंटरनेट नाही. तो सोडवण्याची सर्वांत सोपी युक्ती खिशात असते. अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाईलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये सहसा आधीच असतो, त्यामुळे मोबाईलचे इंटरनेट संगणकाला मिळते. मग विंडोज अपडेट चालवावे. पुष्कळदा हवा तो ड्रायव्हर तेथेच सापडतो. न सापडल्यास संगणकाच्या मागे लिहिलेला मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरून तो उतरवावा. मॉडेल पुसले गेले असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. त्यात निर्मात्याची चार चिन्हे असतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे आमिष दाखवणाऱ्या फुकट आज्ञावलींपासून दूर राहावे. त्यांतल्या अनेक नको त्या गोष्टी संगणकात घुसवतात.

कार्ड यादीत आहे, पण त्यावर खाली वळलेला बाण आहे, असे दिसले तर कोणीतरी ते बंद केले आहे. उजवी क्लिक करून ‘एनेबल’ म्हणावे. लॅपटॉपवर विमान मोड चालू राहणे हा त्याचाच भाऊ. कालपर्यंत चाललेले कार्ड अपडेटनंतर अडले असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना दुभाषी परत बोलावता येतो. ‘अनइन्स्टॉल’ करताना मात्र सावध राहावे. ड्रायव्हरच्या फायलीही पुसण्याचा चौकोन समोर येतो. नवा ड्रायव्हर हाताशी असल्याशिवाय त्यावर खूण करू नये. तसेच ‘नेटवर्क रीसेट’ करण्यापूर्वी वाय-फायचा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, कारण तो पुसला जातो.

ड्रायव्हर ठीक असूनही इंटरनेट नसेल तर इतिहासातील साधनचिकित्सेचा नियम लावावा: जवळचा पुरावा आधी, ऐकीव नंतर. लॅन केबलच्या छिद्राजवळचे छोटे दिवे लागतात का? न लागल्यास केबल, तिचे टोक किंवा पलीकडचा स्विच तपासावा. दिवे लागत असतील तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. उत्तरात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर अर्थ स्पष्ट आहे: संगणकाने पत्ता मागितला, राउटरने दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता घेतला. अशा वेळी राउटर बंद करून मिनिटभराने चालू केल्यास काम बरेचदा भागते. पत्ता योग्य असेल तर त्याच पडद्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसणाऱ्या राउटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ करावे. तेथून उत्तर आले आणि तरी इंटरनेट नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. तेव्हा ‘रेंज नाही’ म्हणायला हरकत नाही. मोबाईलला दिसणारे वाय-फाय जुन्या संगणकाला दिसतच नाही, यामागे पुष्कळदा लहरींचा भेद असतो: ५ गिगाहर्ट्झची लहर जुन्या कार्डांना कळत नाही, त्यांच्यासाठी राउटरमध्ये २.४ ची लहर चालू ठेवावी. ती भिंतींतूनही अधिक दूर जाते.

आपल्या घाटमाथ्यावर पावसाच्या तोंडी आणि परतीच्या पावसात विजा फार. वादळात मेन स्विच बंद करतात, लॅन केबल तशीच राहते, आणि तिच्यातून आलेल्या धक्क्याने कार्ड जळते. केबलही काढावी. कार्ड खरोखर जळलेच तरी मदरबोर्ड बदलण्याची गरज बहुधा नसते. यूएसबीमध्ये बसणारे वाय-फाय किंवा लॅनचे अडॅप्टर काही शे रुपयांत मिळते.

जे माजी विद्यार्थी आपल्या कार्यालयातले जुने संगणक शाळेला देतात त्यांना एक विनंती. हार्ड डिस्क पुसण्यापूर्वी मॉडेल क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून संगणकावर चिकटवावा आणि वाय-फाय व लॅनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून सोबत द्यावेत. संगणक कक्षाच्या कपाटात त्यासाठी एक डबा ठेवला आहे. प्रत्येक पेनड्राइव्हला संगणकाचा क्रमांक बांधलेला असतो, आणि त्याची नोंदवही नववीचे विद्यार्थी सांभाळतात.