'हॉलिडे', 'लीव्ह' आणि आपली रजा

आमच्या घरात इंग्रजी लिहिता येणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातले सगळे अर्ज माझ्याकडे. अण्णा एका कारखान्यात वॉचमन आहेत. गेल्या वर्षी आत्या वारली आणि तिच्या दहाव्यासाठी ते दोन दिवस गावी गेले. परत आल्यावर द्यायच्या अर्जात मी मोठ्या ऐटीत लिहिले, 'आय वॉज ऑन हॉलिडे फॉर टू डेज.' साहेबांनी अण्णांना विचारले, "मौजमजेला गेला होतात काय?" रजा मंजूर झाली नाही आणि दोन दिवसांचा पगार गेला. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. म्हणून तर हा लेख लिहावासा वाटला.

चूक झाली कुठे? बोलताना आपण सर्रास सगळ्यालाच सुट्टी म्हणतो. पण मराठीत रजा हा वेगळा शब्द आहे. सुट्टी सर्वांना मिळते, रजा ज्याची त्याने मागावी लागते. इंग्रजीतही नेमके हेच आहे. दिवाळी, 1 मे हे हॉलिडे. आजारपणासाठी, लग्नकार्यासाठी मागून घ्यायची ती लीव्ह. सार्वजनिक सुट्ट्या सरकार 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या 25 व्या कलमानुसार जाहीर करते, तिथे अर्जाचा प्रश्नच येत नाही. 'प्लीज ग्रँट मी अ हॉलिडे' असे लिहिणे म्हणजे साहेबांकडे दिवाळी मागण्यासारखेच की!

गंमत अशी, की माझे वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. हॉलिडे हा शब्द मुळात 'होली डे', म्हणजे पवित्र दिवस. पण आज इंग्लंडात 'ऑन हॉलिडे' म्हटले की माणूस सहलीला, विश्रांतीला गेला असा अर्थ होतो. दहाव्याला गेलेले माझे अण्णा माझ्या इंग्रजीत समुद्रकिनारी जाऊन बसले होते! अमेरिकेत यालाच 'ऑन व्हेकेशन' म्हणतात. इंग्लंडात मात्र व्हेकेशन ही विद्यापीठांची आणि न्यायालयांची लांब सुट्टी, आणि आपणही तो शब्द तसाच वापरतो.

आता आपल्या निबंधांकडे वळू. 'आय एन्जॉइड इन द व्हेकेशन' हे वाक्य माझ्या वहीत चार वेळा लाल शाईने खोडलेले आहे. एन्जॉय या क्रियापदाला कर्म लागते. म्हणून 'आय एन्जॉइड द व्हेकेशन' किंवा 'आय एन्जॉइड मायसेल्फ' असे लिहावे. दिवाळीच्या सुट्टीत काय केले हे सांगताना 'इन द दिवाली हॉलिडेज' चालेल. पण 'ऑन हॉलिडे' आणि 'ऑन लीव्ह' हे एकवचनीच. 'टू लीव्ह्ज' मागू नयेत, ती झाडाची पाने होतात! 'टू डेज लीव्ह' लिहावे आणि डेजमधल्या एसच्या पुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यावी. ती मी अजूनही विसरते.

मागच्या महिन्यात अण्णांना पुन्हा अर्ज हवा होता. मी लिहून पुढे केला. पेन हातात धरून त्यांनी विचारले, "ह्यात हॉलिडे नाही ना लिहिलंस?"

"नाही अण्णा, लीव्ह लिहिलंय. रजा."

मग त्यांनी सही केली.