पाहुणचाराचे शास्त्र : हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण आणि आपली मुले

दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. डी.एड., पोलीस भरती, नर्सिंग, अभियांत्रिकी हे त्यांचे नेहमीचे विषय. त्यांत आता ‘हॉटेल मॅनेजमेंट’ या शब्दाची भर पडली आहे. मुलाची किंवा मुलीची इच्छा असते. पालकांच्या मनात मात्र शंका असते. एका वाक्यात सांगायचे तर ती शंका अशी : “एवढं शिकवून पोरानं लोकायची ताटंच उचलाची का?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. गावकीची कामे करायची, वेळ-अवेळ म्हणायची नाही आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागायची, हे आपल्या आज्यापणज्यांनी भोगले. मुंबई प्रांतातील महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडले होते. त्या सेवेला निवड नव्हती, ठरलेले तास नव्हते, ठरलेला पगार नव्हता, वर चढण्याची पायरी नव्हती. तेव्हा ‘सेवा’ हा शब्द ऐकताच आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडावी, हे स्वाभाविक आहे. परंतु नेमक्या याच चार कसोट्यांवर आजचा व्यवसाय तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

उंबरठ्याचा इतिहास

हॉटेलचा उंबरठा हा आपल्या समाजासाठी साधा उंबरठा कधीच नव्हता. १९१७ साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. खिशात पैसे होते, पदव्या होत्या. खोली मात्र नव्हती.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात म्हणूनच सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून तेथे कोणासही अडविता येणार नाही, असे घटनेने सांगितले. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. हाच कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

ग्राहक म्हणून आत जाण्याचा हक्क त्या पिढीने मिळवून दिला. स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणून, स्वागतकक्षाचा अधिकारी म्हणून, पुढे मालक म्हणून आत जाणे ही आजच्या पिढीची पायरी आहे. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या लेकरांनी शिजविलेले अन्न सर्व जातींच्या लोकांनी एका पंगतीत पैसे मोजून खावे, यात समतेचे मोठे काम आहे.

या शाखेत शिकवितात तरी काय?

पुष्कळांचा समज असा, की हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे स्वयंपाक शिकणे. वस्तुतः त्याचे चार मुख्य विभाग आहेत. पहिला अन्ननिर्मिती, म्हणजे स्वयंपाकघर व बेकरी. दुसरा अन्न व पेय सेवा, म्हणजे टेबलावरील वाढप व मेजवान्यांची व्यवस्था. तिसरा फ्रंट ऑफिस, म्हणजे आरक्षण, स्वागत, हिशेब व तक्रारींचे निवारण. चौथा हाउसकीपिंग, म्हणजे खोल्या, कापड व एकूण इमारतीची स्वच्छता. यांच्या जोडीला आहारशास्त्र, अन्नसुरक्षा, लेखाकर्म, संगणक, कायदा आणि संभाषण हे विषय असतात.

यातील शास्त्र कसे असते, याची दोन उदाहरणे पाहू. शिजविलेले अन्न सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात फार वेळ राहिले, तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर व थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवण्याची शिस्त लावली जाते. तसेच कच्च्या मांसासाठी लाल आणि भाजीसाठी हिरवा असे चिरण्याचे पाट रंगाने वेगळे ठेवतात, म्हणजे एकाचे जंतू दुसऱ्यात जात नाहीत. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या टाळण्याची विद्या हीच.

या शिक्षणाचा आपल्या राज्याशी जुना संबंध आहे. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने मुंबईत या विषयाची संस्था उभारली. आज ती दादर येथे आहे. देशात धान्याची टंचाई होती, तेव्हाचा तो काळ. अन्न वाया न घालविता पोषक कसे द्यावे, हा विचार त्या संस्थेच्या नावातील ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ या शब्दांत अजून टिकून आहे.

प्रवेशाच्या वाटा

पहिली वाट केंद्रीय संस्थांची. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेशी संलग्न संस्थांत तीन वर्षांची बी.एस्सी. पदवी मिळते. कोणत्याही शाखेतून बारावी, मात्र इंग्रजी विषयासह, एवढी पात्रता पुरते. कला शाखेच्या मुलांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. त्यासाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेशपरीक्षा असते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांस १९९० पासून केंद्राचे आरक्षणही लागू आहे. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

दुसरी वाट राज्याची. राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून चार वर्षांच्या बी.एचएमसीटी पदवीस प्रवेश मिळतो. पुण्याच्या शिवाजीनगर भागात राज्याची अशी संस्था आहे. येथे जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते अकरावीतच हाती घ्यावे, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावाधाव होते.

तिसरी वाट आयटीआयची. दहावीनंतर ‘फूड प्रॉडक्शन’ हा एक वर्षाचा व्यवसाय शिकून लवकर कामाला लागता येते आणि पुढे अनुभवाच्या जोरावर वर चढता येते.

खर्चाचे काय? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना हे तीन आधार आहेत. खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिची संलग्नता तपासावी. ‘शंभर टक्के नोकरी’ ही जाहिरात म्हणजे मान्यता नव्हे. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही एजंटाच्या हाती देऊ नयेत.

कष्ट आणि मर्यादा

आता दुसरी बाजू. हे काम पायांवर उभे राहून करायचे आहे. दिवाळीला घर भरलेले असते, तेव्हा हॉटेलही भरलेले असते. सुटी मिळत नाही. रात्रपाळी असते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पदवीच्या काळात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या वेळी कांदे चिरणे आणि चादरी बदलणे चुकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत कंटाळून अनेक जण हा मार्ग सोडतात. मुलींच्या बाबतीत रात्रीची ने-आण, निवास आणि तक्रार निवारण समिती यांची चौकशी पालकांनी अवश्य करावी. तो त्यांचा हक्क आहे.

आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न येतो : पंचशीलाचे काय? तथागतांनी मद्याचा व मांसाचा व्यापार उपासकाने टाळावा असे सांगितले आहे. अभ्यासक्रमात पेयांची माहिती शिकावीच लागते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु शिकणे आणि पिणे यांत अंतर आहे. शिवाय बेकरी, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, रुग्णालयातील आहारविभाग, रेल्वे व विमानांतील खानपान, शाळा-वसतिगृहांची भोजनव्यवस्था अशा कितीतरी दिशा मोकळ्या आहेत. ज्याने त्याने विचारपूर्वक निवडावी.

आता सुरुवातीच्या चार कसोट्या लावून पाहू. येथे निवड आहे. नेमणूकपत्र व पगारपत्रक आहे. कामाच्या तासांना कायद्याचे बंधन आहे. ते मोडले जात असेल, तर दाद मागता येते. आणि सहायकापासून विभागप्रमुखापर्यंत पायऱ्या आहेत. वतन आणि व्यवसाय यांतील भेद तो हाच.

आपल्या जिल्ह्याची संधी

ही विद्या शिकून मुंबई-पुण्यासच जावे असे नाही. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर स्थळांच्या यादीत आले. ते पाहण्यास देशोदेशीचे अभ्यासक येतात. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. शेगावला बारा महिने भाविकांचा ओघ असतो. तेथील भक्तनिवासांची स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त हा हाउसकीपिंगचा डोळ्यांसमोरचा धडाच आहे. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे अजिंठा आहे आणि जपान, थायलंड, श्रीलंकेचे बौद्ध यात्रेकरू तेथे येतात. समृद्धी महामार्गही आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागांतून जातो. या वाटसरूंना स्वच्छ खोली, नेटके स्वच्छतागृह आणि ज्वारीची भाकरी, ठेचा, भरीत असे आपले जेवण नीट मांडून देणारी माणसे हवी आहेत. ती बाहेरून का यावीत?

निवासी शाळेच्या मुलांची यातील अर्धी तयारी आधीच झालेली असते. पहाटे उठून अंथरुणाची घडी घालणे, पंगतीत सर्वांना सारखे वाढणे, आपले ताट आपण घासणे आणि नवख्या मुलाला सामावून घेणे हे त्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. उणीव असते ती इंग्रजी बोलण्याची आणि अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलण्याची. दोन्ही गोष्टी सरावाने येतात. त्यासाठी आठवीपासूनच रोज पंधरा मिनिटे मोठ्याने इंग्रजी वाचन करून घ्यावे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. सुटीत गावी याल, तेव्हा एक दिवस शाळेत या. पदवीविषयी नव्हे, पहिल्या वर्षाविषयी बोला : पगार किती होता, पाय किती दुखत होते, कोणी मदत केली. पालकांनाही त्या दिवशी बोलवू. शंका घेऊन आलेल्या बापाला आमच्या लेखापेक्षा तुमचा शब्द अधिक पटेल.